चौथा अक्ष कपाटात का पडून राहतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेनं मला बोलावलं होतं. शाळेत छोटं सीएनसी मिलिंग मशीन (संगणकाच्या सूचनांनुसार फिरत्या कटरनं कापणारं) आहे, त्याचा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, आवाज करतो, तेवढं बघून जा, असा निरोप होता. बेअरिंग बदलायचं काम तासाभरात उरकलं. हात पुसताना कपाटाच्या खालच्या फळीवर थर्माकोलचं एक खोकं दिसलं. उघडलं तर आत जॉब (कापायचा तुकडा) पकडणारा तीन जॉचा ८० मिलिमीटरचा चक, त्याला बेल्ट-पुलीनं जोडलेली स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) आणि शेजारी जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक. चकवरचं गंजू नये म्हणून लावलेलं तेलसुद्धा अजून पुसलेलं नव्हतं. मी गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "तो रोटरी ॲक्सिस आहे काका. मशीनबरोबरच आला. तीन वर्षं झाली, लावायचा कसा ते कुणाला जमलं नाही." हाच चौथा अक्ष: एक्स, वाय आणि झेड हे तीन अक्ष सरळ सरकतात, हा चौथा, ए, जॉब गोल फिरवतो.

त्या गुरुजींना मी दोष देत नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसानं एमडीएफच्या तुकड्यावर शाळेचं नाव कोरून दाखवलं, सही घेतली आणि तो गेला. रोटरीबरोबर आलेला कागद वाचून मलाही काही उमगलं नाही. तेव्हापासून त्या मशीनवर नावाच्या पाट्या होतात, किचेन होतात, गणपतीच्या मखराची नक्षी होते. त्याही व्हाव्यात. पण ज्या भागामुळे हे खेळण्याएवढं मशीन खऱ्या टूलरूमच्या (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागाच्या) ओळीत बसतं, तोच भाग कपाटात आहे. घरी येऊन जेवताना बायकोला मी हेच सांगत बसलो होतो. नंतर ओळखीच्या आणखी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी रोटरी अशीच बंद होती, दुसऱ्या ठिकाणी तिची मोटर काढून भलत्याच कामाला लावली होती. म्हणून हे पत्र. लांबेल, पण आकडे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पटायचं नाही.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये ३१ वर्षं मिलिंगवर काम केलं. त्यातला मोठा काळ डिव्हायडिंग हेडवर गेला. ज्यांनी आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड केला त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. डिव्हायडिंग हेड म्हणजे गोल जॉबचे सारखे भाग पाडायचं साधन. त्याच्या आत वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि ४० दात्यांचं वर्म व्हील असतं. हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एक फेरा फिरतो. गोल जॉबवर २७ दाते पाडायचे असतील तर ४० भागिले २७, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर १३ सत्तावीसांश. मग २७ भोकांच्या वर्तुळाची प्लेट लावायची, हँडल एक फेरा फिरवून आणखी १३ भोकं पुढे न्यायचं आणि पिन बसवायची. चौदा भाग हवे असतील तर दोन फेरे आणि २१ च्या वर्तुळात १८ भोकं. आमचे मेस्त्री हे चहाच्या सुट्टीत तोंडी विचारायचे. हँडल पुढे गेलं तर नुसतं मागे आणून चालत नसे. अर्धा फेरा मागे न्यायचं आणि परत त्याच दिशेनं यायचं, म्हणजे वर्ममधला प्ले, दात्यांमधली ढिलाई, एका बाजूलाच राहतो. ही सवय हाताला इतकी बसली आहे की घरचा नळसुद्धा मी तसाच बंद करतो, असं बायको म्हणते.

या हत्याराचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी १८६१-६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन केलं ते ड्रिलच्या पिळदार खाचांसाठी. तोपर्यंत त्या खाचा कारागीर कानशीनं घासून काढत. ब्राउन यांनी टेबलाचा स्क्रू आणि डिव्हायडिंग हेड गिअरनं जोडलं. टेबल सरकू लागलं की जॉब आपोआप फिरू लागला. आम्हीही तेच करायचो. टेबलाच्या स्क्रूची पिच (स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) ५ मिलिमीटर, गुणिले ४०, म्हणजे मशीनचा लीड (जॉबच्या एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) २००. जॉबला ५० चा लीड हवा असेल तर चारास एक असे गिअर शोधायचे, ते बसवायचे, एखादा गिअर नसला की डोकं धरून बसायचं. आज ते काम एका ओळीत होतं: जी१ एक्स१०० ए७२०. एक्स शंभर मिलिमीटर सरकेल तोवर जॉब दोन फेरे घेईल. ज्या कामासाठी अर्धा दिवस गिअर चढवण्यात जायचा ते आठवीतला मुलगा टाइप करतो. ती ओळ पहिल्यांदा माझ्या घरच्या मशीनवर चालली तेव्हा मी तीन वेळा परत परत चालवून बघितली.

निवृत्त झाल्यावर मी ६०० बाय ४०० चं असंच एक छोटं मशीन घेतलं आणि त्याला रोटरी जोडली. त्यातलं जे अनुभवानं कळलं ते मुलांना कुणीतरी सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट गणिताची. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप. ड्रायव्हरवर (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटवर) आठाचं मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका स्टेपचे आठ भाग, ठेवलं की १६००. पुढे बेल्टचं प्रमाण सहास एक, म्हणजे चकच्या एका फेऱ्याला ९६०० स्टेप. ३६० नं भागलं की एका अंशाला २६.६६६६७. कंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम वाचून मोटर हलवणाऱ्या भागाला, हा आकडा द्यावा लागतो. डिव्हायडिंग हेडमधल्या ४० च्या जागी आता हा आकडा आला, एवढाच फरक. मुलांनी हा भागाकार स्वतः करावा आणि पुली मोजून करावा, कारण प्रत्येक रोटरीचं प्रमाण वेगळं असतं. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. चकवर पेन्सिलीनं रेघ मारावी, ३६०० अंश फिरायला सांगावं आणि दहा फेऱ्यांनंतर रेघ जागेवर येते का बघावं.

दुसरी गोष्ट त्या भागाकारातल्या उरलेल्या बाकीची. इचलकरंजीचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याच्या घरच्या यंत्रमागाचा नायलॉनचा एक गिअर झिजला होता. दोन मॉड्यूल (दाताच्या मापाचा आकडा), २७ दाते, रुंदी ४० मिलिमीटर. पातळ गिअर असता तर सपाट पत्र्यातून तीन अक्षांवरच कापला असता, पण एवढा रुंद गिअर बारीक कटरनं आरपार निघत नाही. म्हणून ५८ मिलिमीटरचा गोल तुकडा रोटरीवर धरला आणि दाताच्या खाचेच्या आकाराचा कटर मी घासून दिला. प्रोग्राम त्यानं लिहिला. ३६० भागिले २७ म्हणजे १३.३३३, त्यानं १३.३ घेतलं आणि प्रत्येक वेळी "इथून पुढे १३.३ फिर" असं लिहिलं. दिसायला गिअर सुंदर झाला. मागावर चढवला तर दर फेऱ्याला एका जागी अडकायचा. २७ गुणिले १३.३ म्हणजे ३५९.१. ०.९ अंश कमी पडला तो सगळा शेवटच्या दातावर आला. पिच सर्कलची (दोन गिअरचे दाते जिथे जुळतात त्या वर्तुळाची) त्रिज्या २७ मिलिमीटर, म्हणजे तो एक दात ०.४२ मिलिमीटरनं जाड.

मी त्याला माझी जुनी २७ भोकांची प्लेट हातात दिली आणि म्हटलं, मोज. भोकं मोजून तो पहिल्या भोकावर परत आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या प्लेटमध्ये बाकी उरतच नाही. मग त्यानं प्रोग्राम बदलला. प्रत्येक दाताचा कोन पहिल्यापासून मोजायचा: १३.३३३, २६.६६७, ४०.०००, असं शेवटपर्यंत. अशा रीतीनं कंट्रोलर जी काही तोडमोड करतो ती त्या एका दातापुरती राहते, पुढे साठत नाही. दुसरा गिअर बिनतक्रार चालला. हे त्याला फळ्यावर महिनाभर शिकवलं असतं तरी एवढं पक्कं बसलं नसतं.

आता फीडबद्दल, म्हणजे कापताना पुढे सरकण्याच्या वेगाबद्दल; प्रोग्राममध्ये तो एफ अक्षरानं देतात. सगळ्यात जास्त कटर इथे मोडतात, लाकडं इथे जळतात, आणि कुणी याबद्दल बोलत नाही. सरळ कापताना एफ२०० म्हणजे मिनिटाला २०० मिलिमीटर. रोटरी एकटी फिरत असेल तर तोच एफ२०० म्हणजे मिनिटाला २०० अंश. अंशाला स्वतःची लांबी नसते, ती त्रिज्येवर ठरते. २० मिलिमीटर त्रिज्येवर २०० अंश म्हणजे कटरखालून साधारण ७० मिलिमीटर लाकूड सरकलं. ५ मिलिमीटर त्रिज्येवर फक्त साडेसतरा. स्पिंडल दहा हजारानं फिरतोय आणि लाकूड जागचं हलत नाही, म्हणजे कटर कापत नाही, घासतो. धूर येतो, सागवान काळं पडतं, आणि मुलगा समजतो की कटर बोथट आहे.

एक्स आणि ए दोन्ही एकदम चालले की प्रकरण आणखी अवघड होतं. जी१ एक्स१० ए९० एफ२०० ही एक ओळ घ्या. माझ्या मशीनवर चार अक्ष चालवणारा ग्रबल (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) आहे. तो मिलिमीटर आणि अंश यांत भेद करत नाही. दहा आणि नव्वद यांचा कर्ण काढतो, ९०.५५, आणि तेवढं "अंतर" २०० नं भागतो. हालचालीला २७ सेकंद लागतात. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर तीच ओळ दिली तर तो फीड फक्त एक्सला लावतो आणि ए ला त्याच्याबरोबर ओढतो. दहा मिलिमीटर तीन सेकंदांत संपतात, तेवढ्यात चक नव्वद अंश फिरलेला असतो. २० मिलिमीटर त्रिज्येवर कटरचा खरा वेग एका ठिकाणी मिनिटाला ७३ मिलिमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी ६६०. ओळ तीच, अक्षर तेच, आणि नऊ पट फरक. मित्राकडून आणलेला प्रोग्राम आपल्या मशीनवर घालून मुलं का फसतात ते यावरून कळेल. यावर उपाय आहे, त्याला जी९३ म्हणतात. त्यात एफ म्हणजे वेग राहत नाही. ती ओळ किती वेळात संपवायची ते मिनिटाच्या उलट आकड्यात सांगायचं. वरच्या ओळीत कटरची खरी वाट ३३ मिलिमीटरची आहे. ती मिनिटाला ३०० नं कापायची तर ३०० भागिले ३३, एफ९.१. प्रत्येक ओळीला वेगळा एफ द्यावा लागतो, म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर सोपवतात. पण दोन-चार ओळी मुलांनी हातानं काढल्याच पाहिजेत. पायथागोरस आणि परीघ या दोन गोष्टी शाळेत शिकवल्या जातातच. त्या इथे लागतात, आणि चुकल्या तर कटर मोडतो, हे मुलाला दिसतं.

मशीन बघताना त्या गुरुजींनी एक अडचण सांगितली ती खरी आहे: त्यांच्या कंट्रोलरला चौथा अक्ष जोडायला जागाच नाही. साध्या आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारा ग्रबल तीनच अक्ष ओळखतो. पण म्हणून रोटरी बंद ठेवायचं कारण नाही. वायची मोटर सोडवायची आणि तिच्या जागी रोटरीची मोटर लावायची. वाय अक्ष बरोबर जॉबच्या मध्यावर आणून घट्ट बांधून टाकायचा. ४० मिलिमीटर व्यासाच्या जॉबचा परीघ १२५.६६. ९६०० भागिले १२५.६६ म्हणजे मिलिमीटरला ७६.३९ स्टेप. हा आकडा वायला दिला की सपाट कागदावर काढलेली नक्षी गोल लाकडावर जशीच्या तशी गुंडाळली जाते. व्यास बदलला की आकडा बदलायचा. यात एक मर्यादा आहे, तीही मुलांना दाखवावी. पाच मिलिमीटर खोल गेलात की त्रिज्या २० ची १५ होते आणि खाचेच्या तळाशी नक्षी पाव हिश्शानं आक्रसते. उथळ कोरीव कामाला फरक पडत नाही, खोल कामाला पडतो.

मोटर बदलताना मी मोठी चूक केली होती, ती सांगतो म्हणजे दुसऱ्यांचं नुकसान टळेल. मशीन चालू असताना मी मोटरचा कनेक्टर ओढला. ड्रायव्हर तिथल्या तिथे गेला. स्टेपरच्या कॉइलमध्ये करंट वाहत असताना वायर तुटली तर उलटा जो झटका बसतो तो ड्रायव्हरला सोसत नाही. वीज बंद करून, पॉवर सप्लायचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच वायरला हात लावावा.

सेटिंगबद्दल थोडं. रोटरी टेबलावर ठेवून दोन बोल्ट आवळले म्हणजे ती लागली असं होत नाही. चक आणि टेलस्टॉकमध्ये सरळ बार धरून स्पिंडलला डायल (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) लावायचा आणि बारच्या वरून व बाजूनं एक्स चालवून बघायचं. माझा टेलस्टॉक ०.१ मिलिमीटर खाली होता. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा खाली घातला आणि बरोबर आला. त्यानंतर मध्य काढायचा. चकमध्ये २५ चा बार धरायचा, रोटरी फिरवत कटरनं त्यावरून एक हलका कट घ्यायचा. आता तो बार फिरण्याच्या मध्याशी पक्का गोल झाला. मायक्रोमीटरनं मोजायचा. समजा २४.६२ आला, तर त्याच्या माथ्यावर कटर टेकतो तेव्हा झेडची उंची १२.३१, आणि झेडचा शून्य बारच्या पोटात, बरोबर मध्यावर. सपाट कामात शून्य वरच्या पृष्ठभागावर घेतात, रोटरीवर तो मध्यावर घ्यायचा, कारण पृष्ठभाग दर वेळी बदलतो आणि मध्य बदलत नाही. वायसाठी बारच्या दोन्ही बाजूंना टेकवून निम्मं करायचं. खात्री करायची तर एक बारीक खाच पाडावी, १८० अंश फिरवावं, पुन्हा पाडावी. दोन खाचा समोरासमोर आल्या नाहीत तर जेवढा फरक दिसेल त्याच्या निम्मी चूक वायमध्ये आहे.

चौकोनी लाकूड धरताना जास्त काळजी हवी. ४० बाय ४० चा तुकडा बाजूनं मोजला तर मध्यापासून २० मिलिमीटर, पण कोपरा २८.२८ वर असतो. मी कटर २५ वर उचलून तुकडा फिरवला आणि कोपऱ्यानं कटरला खालून धडक दिली. सहा मिलिमीटरचा कार्बाइड कटर त्यात तुटला. मुलांच्या डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, बाह्या दुमडलेल्या, ओढणी बांधलेली, चकची चावी चकमध्ये कधीही सोडलेली नसावी. ही छोटी मशीनं दिसायला निरुपद्रवी असल्यामुळे हे जास्त जोरात सांगावं लागतं.

अगदी लहान मशीनवर, ज्यांचा झेड ४०-४५ मिलिमीटरच चालतो, तिथे चकच मावत नाही, ही तक्रारही ऐकली. अशा वेळी बेडची मधली फळी काढून रोटरी खाली फ्रेमवर बसवता येते. मी एकाला तशी करून दिली आहे.

मी हे सगळं का करतो, त्याचं एक उदाहरण सांगतो. मी मिरजेचा. आमच्या गावच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. माझी नात गाणं शिकते. तिच्या आजीकडून आलेल्या जुन्या तानपुऱ्याच्या चार खुंट्यांपैकी एक चिरली. खुंटीच्या डोक्यावर १४ पाकळ्यांची कळी आहे, तशी आता बाजारात मिळत नाही. वाद्य बनवणाऱ्या कारागिरांनी सांगितलं, साधी बसवून देतो, पण या तिघींसारखी दिसायची नाही. मी म्हटलं, मला एकदा प्रयत्न करू द्या.

खुंटीचा कोन मोजला: ८० मिलिमीटर लांबीत व्यास २० चा १५ होतो. शिसवाचा तुकडा धरला, आधी तारेचं भोक पाडलं, मग रोटरी सावकाश फिरवत दर फेऱ्याला अर्धा मिलिमीटर एक्स सरकवत आणि झेड खाली घेत निमुळता भाग काढला. १६० फेरे, मिनिटाला चार, चाळीस मिनिटं. लेथवर हे काम पाच मिनिटांचं आहे हे मला माहीत आहे, पण लेथवरून काढून परत धरलं की मध्य हलतो, आणि मला एकाच पकडीत पाकळ्याही पाडायच्या होत्या. शेवटी ए ५७,६०० अंशांवर उभा राहिला. तिथून शून्यावर पाठवला असता तर १६० फेरे उलटे फिरला असता, म्हणून मी जी९२ देऊन तिथेच शून्य केलं आणि पाकळ्या पाडल्या.

पाकळ्या छान आल्या, पण तारेच्या भोकाशी जुळेनात. सात अंश बाजूला. दोन दिवस बेल्टवर संशय घेतला, पुलीचे स्क्रू आवळले. शेवटी कंट्रोलरमधला आकडा बघितला. २६.६६६६७ च्या जागी मी २६.६७ लिहिलं होतं. एका फेऱ्याला सव्वा स्टेपचीही चूक नाही, पण १६० फेऱ्यांत १९२ स्टेप, म्हणजे ७.२ अंश. मी त्या मुलाला १३.३ वरून बोललो होतो, आणि तीच चूक माझ्या हातून झाली. त्याला बोलावून दाखवली. दुसरी खुंटी बरोबर निघाली.

ती घेऊन कारागिरांकडे गेलो. त्यांनी खुंटी भोकात घातली, फिरवली, काढली, कुठे चमक आली ते बघितलं. म्हणाले, "कोन बरोबर आहे. शेवटचं घासणं इथं करू, भोक आता गोल राहिलेलं नाही." खडू लावून, काचेनं खरवडून त्यांनी ती बसवली. वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं माझ्या मशीनला कधी जमणार नाहीत. मशीननं खुंट्या काढून हातकाम म्हणून विकाव्यात असं मी मुळीच म्हणत नाही, तसं कुणी केलं तर मीच आधी विरोध करीन. पण तुटलेल्या जुन्या वस्तूला तिच्या जोडीचा भाग करून देणं, हे या छोट्या मशीनचं आणि रोटरीचं खरं काम आहे. अशी मोडलेली वस्तू घरोघर असते. पलंगाचा खूर, देव्हाऱ्याचा खांब, पोळपाटाजवळचं लाटणं, शिवणयंत्राची मूठ. मुलांनी घरून एक मोडकी वस्तू आणावी आणि शाळेत तिची जोडी करावी, यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. ज्या शाळा, कॉलेजं आणि संस्था अशी मशीनं घेतात त्यांनी मशीन ताब्यात घेताना रोटरीवर एक जॉब करून मागावा, निदान सात किंवा अकरा पाकळ्यांचा, ज्यात भागाकाराला बाकी उरते. चार किंवा सहा भागांवर कुणीही पास होतं. विक्रेत्यांनी मराठीत एक पान द्यावं: अंशाला किती स्टेप, मध्याची उंची किती, फीड कसा धरतो, मोटर कशी बदलायची. एवढं पान नसल्यामुळे हजारो रुपयांचं हत्यार बंद पडतं.

आणि सांगली, कोल्हापूर, पिंपरी, नाशिक, संभाजीनगर इथे माझ्यासारखे निवृत्त मिलर आणि टूलरूमवाले पुष्कळ आहेत. डिव्हायडिंग हेडच्या प्लेटा अजून त्यांच्या माळ्यावर असतील. त्यांना संगणक येत नाही असं ते म्हणतात. मलाही येत नव्हता, नातीनं शिकवला. पण डायल कसा लावायचा, प्ले कसा एका बाजूला घ्यायचा, चकमध्ये जॉब किती आवळला म्हणजे पुरे, हे मुलांना संगणकातून मिळणार नाही. त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन एकदा कपाट उघडायला सांगावं.

त्या शाळेला मी शब्द दिला आहे. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी दोन ते पाच मी तिथे असेन. पहिल्या दिवशी टेलस्टॉक, दुसऱ्या दिवशी मध्य काढणं, तिसऱ्या दिवशी ७ पाकळ्या. सोबत माझा डायल आणि २७ भोकांची प्लेट आणीन. आजूबाजूच्या शाळांच्या मुलांनाही येऊ द्यावं अशी मुख्याध्यापकांना विनंती केली, त्यांनी होकार दिला. मी येईपर्यंत चालू मशीनवर मोटरची वायर कुणी काढू नये, एवढं मात्र गुरुजींनी बघावं.

आपला,
एक निवृत्त मिलर, मिरज